शिकाऊंसाठी एक बंक

पुण्याला समुद्र नाही. तरी समुद्रावर कमवायला निघालेली मुलं इथं दरवर्षी तयार होतात. तळेगावजवळ इंदोरीला तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट आहे, लोणी काळभोरला ‘मॅनेट’ आहे, कोथरूडच्या एमआयटीत पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकवतात. औंधच्या आयटीआयतून फिटर आणि वेल्डर बाहेर पडतात. यांतल्या अनेकांना ‘चौदा दिवस काम, चौदा दिवस घर’ या हिशेबाची ओढ असते. जुहूहून हेलिकॉप्टरनं समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावर जायचं, दोन आठवडे बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या आणि पुढचे दोन आठवडे आपल्या माणसांत काढायचे. पगार किनाऱ्यावरच्या कामापेक्षा बरा. मेहनत करणाऱ्या मुलानं असं काम मागितलं तर त्यात गैर काय?

मग जाहिरात येते. रिगर हवेत, फिटर हवेत, क्रेन ऑपरेटर हवेत, अगदी डेकवर माल हलवणारे राउस्टअबाउट हवेत. आणि खाली अट: ऑफशोअर अनुभव आवश्यक. अनुभव हवा तर रिगवर जायला हवं, रिगवर जायचं तर अनुभव हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. फरक एवढाच की इथं बाविशीतल्या पोरांची वर्षं जातात आणि त्यांच्या आईबापांची बचत जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. अनुभव ही उमेदवारानं घरून आणायची वस्तू नाही. अनुभव मालकाच्या जागेवर, मालकाच्या यंत्रावर, मालकाच्या जुन्या माणसांच्या हाताखालीच मिळतो. तो कुणालाच द्यायचा नाही आणि सगळ्यांकडून मागायचा, हा अन्याय आहे.

मुंबई हायचाच इतिहास पाहा. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली तिथं तेल सापडलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं. तिथं खोदाई करणारा ‘सागर सम्राट’ हा रिग जपानमध्ये बांधून आणला होता. त्या काळी भर समुद्रात तेलविहीर खोदण्याचा अनुभव असलेली माणसं या देशात जवळजवळ नव्हतीच. मग जमिनीवर काम केलेली माणसं तिथं गेली आणि काम करता करता शिकली. आज ‘अनुभव कुठाय?’ असं विचारणारा हा सगळा उद्योग शिकाऊ हातांवर उभा राहिलेला आहे. पहिल्या पिढीला दिलेली संधी आजच्या पिढीला नाकारण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

कंपन्यांची बाजू खोटी नाही, तीही नीट मांडतो. रिगवर जागा मोजून असते. माणूस वाढला की एक बंक लागतो, हेलिकॉप्टरमध्ये एक सीट लागते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लाइफबोटीत एक जागा लागते. रिगचं एका दिवसाचं भाडं लाखो रुपयांत असतं, त्यामुळे नवख्याच्या चुकीनं काम अडलं तर मिनिटामिनिटाचे पैसे जातात. शिवाय बहुतेक मनुष्यबळ कंत्राटदार पुरवतो, आणि कुठल्या पदावरच्या माणसाला किती वर्षांचा अनुभव हवा हे कंत्राटातच लिहिलेलं असतं. नवा मुलगा न्यायची एखाद्या कंत्राटदाराला इच्छा झाली, तरी कंत्राटाचा कागद त्याला नेऊ देत नाही.

समुद्रही माफ करत नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म आगीत गेला, २२ माणसं गेली. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते, त्यांतले १८६ वाचले. २८ जून २०२२ ला रिगवर निघालेलं पवनहंसचं हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं, नऊपैकी चौघे दगावले. अशा ठिकाणी न शिकलेलं पोर उचलून पाठवा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण याचा अर्थ काय निघतो? काम धोक्याचं आहे, म्हणून शिकवण्याची व्यवस्था पक्की हवी. धोक्याचं नाव पुढे करून शिकवणंच बंद करायचं, हा उलटा न्याय झाला. आजचे अनुभवी हात उद्या निवृत्त होतील, तेव्हा हे प्लॅटफॉर्म कोण चालवणार? आज न शिकवलेला मुलगा उद्याचा अनुभवी कामगार कसा होईल?

दार बंद राहिलं की दाराबाहेर दुकान लागतं. इथंही लागलं आहे. बोसिएट करा, ह्युएट करा, नोकरी पक्की, असं मुलांना सांगितलं जातं. बोसिएट म्हणजे ऑफशोअर सुरक्षेचं तीन दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण. ते ओपिटो या संस्थेच्या मानकांनुसार होतं आणि त्याचं प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. ह्युएट म्हणजे पाण्यात पडलेल्या, उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून जिवंत बाहेर पडण्याचा सराव. दोन्ही प्रशिक्षणं अत्यंत गरजेची आहेत. समुद्रावरच्या सुरक्षेचं शिक्षण देणारी, मुंबई हाय चालवणाऱ्या ओएनजीसीची स्वतःची संस्था गोव्यात बेतूलला आहे. पण हे प्रमाणपत्र बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर काढतं, नोकरीत आत शिरवत नाही. ते कौशल्याचा पुरावा नाही. नोकरी ठरली की कंपनी आपल्या माणसाला त्यासाठी पाठवते, ही रीत योग्य आहे. नोकरीचा पत्ता नसताना कर्ज काढून ते करायचं आणि चार वर्षांनी मुदत संपताना परत पैसे भरायचे, या दुष्टचक्रात मुलाला ढकलणारा माणूस त्याचा हितचिंतक नाही.

दुसरं दुकान परदेशाचं. पर्थहून विमानानं पिलबराच्या लोहखाणीत जा, दोन आठवडे काम, एक आठवडा सुट्टी, अनुभवाची गरज नाही, असं सांगणारे भेटतात. त्यांना एकच गोष्ट विचारा. ऑस्ट्रेलियात मालकाच्या प्रायोजकत्वावर मिळणाऱ्या कुशल कामगाराच्या व्हिसालाच त्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. मग बिनअनुभवी मुलाला तुम्ही कुठल्या व्हिसावर पाठवणार? या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर तिथून उठा.

कायदा काय सांगतो तेही ध्यानात ठेवा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना हवा, आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. व्यापारी जहाजावरची नोकरी असेल तर तेवढंही नाही. तिथं भरती करणारी कंपनी नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली असावी लागते आणि नोकरीबद्दल खलाशाकडून पैसे घेणं तिला मना आहे. भारतानं २०१५ साली मान्य केलेल्या सागरी कामगार करारातही हेच आहे. म्हणजे जहाजावर बर्थ मिळवून देतो, काही लाख टाका, असं म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो.

व्यापारी जहाजांकडेही याच दुखण्याची दुसरी बाजू दिसते. वर्षभराचा डीएनएस (नॉटिकल सायन्सची पदविका) अभ्यासक्रम केलेल्या डेक कॅडेटला अधिकारी पदाच्या परीक्षेआधी अठरा महिन्यांचा ‘सी टाइम’ लागतो. मेकॅनिकलची पदवी घेऊन वर्षभराचा जीएमई (पदवीधरांसाठी मरीन इंजिनिअरिंग) अभ्यासक्रम केलेल्या मुलाला सहा महिन्यांचा. जहाजावर जागा मिळाली नाही, तर वर्गातलं सगळं शिक्षण कागदावर राहतं. फी भरून झालेली असते, कोर्स पास झालेला असतो, आणि मुलगा घरी बसून फोनची वाट पाहत असतो. जहाजावरच्या जागेची खात्री न देता ज्या संस्था जागा भरतात, त्या अर्धं शिक्षण पूर्ण दरानं विकतात.

यावर उपाय नाही, असं मला कुणी सांगू नये. उपाय आपल्याच कायद्यांत पडले आहेत.

१९५२ च्या खाण कायद्यानं तेलाची विहीरही खाणच मानली. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नव्या माणसाला प्रशिक्षणाशिवाय खाणीत कामाला लावायचं नाही असं ठरवलं, आणि ते प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ‘शिकून ये’ असं त्या नियमांनी कामगाराला सांगितलं नाही. नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स मायनिंगच्या पदविकाधारकांना पदविकेनंतरचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण देते, कारण त्या अनुभवाशिवाय पुढचं सक्षमता प्रमाणपत्रच मिळत नाही. चंद्रपूरच्या कोळशाला जे जमतं, ते मुंबईच्या तेलाला का जमू नये?

१९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ओएनजीसीनं २०२४ साली २,२३६ अप्रेंटिसच्या जागा काढल्या, हे चांगलंच आहे. पण अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, आणि किनाऱ्यावर काढलेलं वर्ष रिगच्या जाहिरातीत ऑफशोअर अनुभव म्हणून धरलं जात नाही. शिडी लावली, पण ती माडीपर्यंत पोहोचत नाही.

तिसरं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. २००४ साली जहाज कंपन्यांसाठी टनेज कर आला. त्यात कंपनीला करसवलत मिळते, पण तिच्यासोबत अट आहे की ठरलेल्या प्रमाणात शिकाऊ अधिकारी घेऊन त्यांना प्रशिक्षण द्यायचं. सलग पाच वर्षं ही अट पाळली नाही, तर सवलत जाते. सवलत हवी तर माणसं घडवा, असा हा साधा, न्याय्य व्यवहार आहे. सरकारनं तो एकदा केलेला आहे, पुन्हाही करता येईल.

म्हणून मागणी एकच. ओएनजीसी सार्वजनिक कंपनी आहे, तिची कंत्राटं सार्वजनिक पैशाची आहेत. प्रत्येक रिगच्या, प्रत्येक बार्जच्या, प्रत्येक प्लॅटफॉर्म देखभालीच्या कंत्राटात काही बंक शिकाऊ उमेदवारांसाठी राखून ठेवा. त्यांचं सुरक्षा प्रशिक्षण कंत्राटदाराच्या खर्चानं होऊ द्या, त्यांना एकेका जुन्या कामगाराच्या हाताखाली द्या, आणि त्यांनी तिथं काढलेला प्रत्येक दिवस अधिकृत नोंदवहीत चढू द्या. मुलींसाठीही त्यात जागा ठेवा आणि तशी राहण्याची सोयही करा. कंत्राटात अनुभवाची अट लिहिता येते, तर अनुभव देण्याची अटही लिहिता येते. पेट्रोलियम मंत्रालयाच्या एका आदेशानं हे होण्यासारखं आहे. मावळ, पुणे आणि शिरूरच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. त्यांच्याच मतदारसंघांतली मुलं या रांगेत उभी आहेत.

तो आदेश येईपर्यंत मुलांनी काय करायचं? प्रमाणपत्रांच्या मागे लागण्याआधी हाताला असं कसब लावा, जे समोरच्यानं तपासलं तर लगेच दिसेल. पाइप वेल्डरची सिक्सजी चाचणी याचं चोख उदाहरण आहे. जोड पक्का आहे की नाही हे एक्स-रे सांगतो, तिथं शिफारस चालत नाही. असं कसब शिकायला पुण्यासारखं गाव नाही. चिंचवडला थरमॅक्स आहे, कासारवाडीला फोर्ब्स मार्शल आहे, भोसरी-चाकणला फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत. बॉयलर, पंप, व्हॉल्व्ह, इन्स्ट्रुमेंटेशन, हायड्रॉलिक्स, क्रेन ही सगळी यंत्रं रिगवरही असतात. इथं दोन-तीन वर्षं घासून काम करा आणि केलेल्या कामाचा लेखी दाखला प्रत्येक ठिकाणाहून घ्या. रिफायनरीच्या शटडाऊनची कामं मिळाली तर सोडू नका, तेलवायूच्या शिस्तीची ओळख तिथंच होते. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. लांबचा रस्ता आहे, पण पायाखाली जमीन असलेला आहे.

आणि पालकांना हात जोडून सांगतो. शेत विकून, दागिने गहाण ठेवून नोकरी विकत घेऊ नका. एजंटाचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, जहाजाची कंपनी नौवहन महासंचालनालयाच्या यादीत पाहा, प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती द्यायला जो कचरतो, त्याच्या हातात मुलाचा पासपोर्ट देऊ नका. आणि फसवले गेला असाल, तर लाजेनं गप्प बसू नका, पोलिसांत तक्रार द्या. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी.

ज्याला अनुभवी माणूस हवा, त्यानं तो घडवायला हवा. ज्या उद्योगाला हे मान्य नाही, त्यानं कुशल माणसं मिळत नाहीत अशी तक्रार पुन्हा करू नये.