चौदा टक्के ओला

राजेहो, शेतकरी चळवळीत पडायची हौस असेल तर वऱ्हाडासारखी जागा नाही. पापळच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे पंजाबराव देशमुखांनी, १९५५ साली भारत कृषक समाज काढला. तेव्हापासून इथं दर दुसऱ्या घरात एक बिल्ला आणि निवेदनाची एक झेरॉक्स सापडतेच. जून २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडू कर्जमाफीसाठी गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. सरकारनं समितीचं आश्वासन दिलं, उपोषण सुटलं. आपल्याकडे समिती लिंबूपाण्यासोबतच येते.

नवख्यानं मात्र सुरुवात सोयाबीनच्या सरकारी खरेदी केंद्रावरून करावी. तिथला सर्वांत मोठा साहेब टेबलावर असतो: ओलावा मोजायचं मशीन. मूठभर दाणे टाकायचे, आकडा पाहायचा. बारापर्यंत आला तर तुम्ही अन्नदाता, पुढं गेला तर ‘बाजूला व्हा’.

“चौदा दाखवते, भाऊ.”

“काहून बाप्पा? घरून निघालो तवा खडखड वाजत होतं!”

“मशीन सांगते तेच खरं. वाळवून आणा.”

वाळवायला जागा नाही, ट्रॅक्टरचं भाडं चढतंय, पोरीची फी थकली आहे. मग तोच माल अडत्याकडे जातो. त्याला ओलाव्याचं वावडं नाही, फक्त हमीभावाचं आहे.

२०२४ च्या हंगामात हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या नोव्हेंबरात चमत्कार झाला. विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर केंद्रानं ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्क्यांवर नेली. दाणा तोच, मशीन तेच. हवा तेवढी निवडणुकीची. तेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्के झालं. मतं पेटीत पडून गेली आणि मे २०२५ अखेर ते दहावर आलं.

इथवर सगळे कार्यकर्ते माना डोलावतात. भावाची बात झाली की सतरंजी गुंडाळतात. पोरांच्या ताटाचा विषय कोणी काढतच नाही, आणि माझा राग तिथं आहे. सोयाबीनचं तेल निघतं, उरलेली ढेप कोंबडीच्या खाद्यात जाते, कोंबडी अंडं देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं ठरवलं की हे अंडं आठवड्यातून एकदा शाळेच्या पोषण आहारात द्यायचं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा काढून घेतला. अंडं हवं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे! सोयाबीन आपलं, ढेप आपली, अंडं मात्र वर्गणीचं. ती वर्गणी कोणी द्यायची? चौदा टक्क्यांवर परत पाठवलेल्या बापानं.

कुपोषणासाठी ज्याचं नाव देशभर घेतात तो मेळघाट याच अमरावती जिल्ह्यात आहे. तरी कर्जमाफीसाठी रस्ता अडवणारे आपण, अंड्यासाठी साधं निवेदनही टाइप करत नाही. पोराच्या ताटाला सातबारा नसतो, म्हणून असेल.

तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी द्या: आपल्या भागातलं खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार, आणि शाळेत अंडं कोणत्या वारी मिळणार? दोन्ही इतिवृत्तात चढवून घ्या. नक्कल मागायला विसरू नका.