टायरवाल्याच्या हाती मुख्याध्यापक

"काय गं, हेडबाई चालल्या म्हणे?" माईंनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा मी कचऱ्याचा डबा मागच्या गल्लीत ढकलत होते. माई मुलाकडे शिकागोला राहायला आल्या आहेत. इंग्रजी जेमतेम, पण ब्लॉकमधली बातमी आमच्या आधी त्यांच्याकडे असते.

"चालल्या खऱ्या. जूनअखेर करार संपतोय आणि त्यांना पुढचा नकोच आहे."

"करार? मुख्याध्यापिकेचा?"

"चार वर्षांचा असतो."

"मग बदली कुठे झाली?"

"इथे बदलीचा हुकूम नाही येत, माई. ज्या शाळेनं निवडलं, त्या शाळेपुरता करार."

"असू दे. नवीन कोण पाठवणार? शिक्षणाधिकारी?"

"पाठवत कुणी नाही. शाळेची समिती निवडते. आणि आपल्या समितीचा अध्यक्ष कोण, तर मागच्या गल्लीतला तो मेक्सिकन टायरवाला."

माई मेथी खुडायच्या थांबल्या. त्यांची सगळी हयात सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात गेली. आपल्याकडे खासगी शाळांत १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापक होतो तो सेवाज्येष्ठतेनं. यादीत जो सर्वांत वर, पदवी नि अनुभव पुरेसा, त्याचा हक्क. अल्पसंख्याक संस्थांना तेवढी निवडीची मोकळीक. माईंचा नंबर लागला तो निवृत्ती तोंडावर आल्यावर. खुर्चीवर बसल्या, दप्तर समजून घेतलं, तोवर निरोपाचा नारळ हातात.

"बरं आहे की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नंबर लागेपर्यंत केस पिकतात. पण निदान भांडण नको. यादी बोलते."

"आणि यादीतल्या वरच्याकडून नकारपत्र लिहून घेतात ते?"

माई हसल्या. हा किस्सा त्यांनीच मला सांगितला होता. हक्क सोडतो असं ज्येष्ठानं लेखी दिलं की खालच्याची वाट मोकळी, मग ते लिहून कसं घ्यायचं याचीही एक विद्या असते.

"पण टायरवाला?" त्यांचं मन तिथंच अडकलेलं. "त्याला काय कळतं शाळेतलं?"

"त्याची दोन पोरं तिथं शिकतात, एवढं कळतं. अध्यक्ष पालकांतलाच असावा लागतो."

मग मी त्यांना समितीची रचना सांगितली. प्राथमिक शाळेला सहा पालक, दोन वस्तीतले रहिवासी, दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि स्वतः मुख्याध्यापक. त्यांच्याच खुर्चीचा विषय निघाला की मुख्याध्यापकांना मत नाही. नव्या माणसाला सात मतं लागतात. पगार कुणालाच नाही, उलट प्रशिक्षण सक्तीचं आणि पोलिसांकडची तपासणीही.

"हे खूळ काढलं कुणी?"

खूळ म्हणा, पण त्यामागे मोठं रामायण आहे. १९८७ साली शिक्षकांचा संप एकोणीस शाळादिवस चालला, आणि वर देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी, विल्यम बेनेट यांनी, शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचं जाहीर करून टाकलं. शहर पेटलं. महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी पालकांना चर्चेला बसवलं, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. पुढच्या वर्षी कायदा झाला: शहराच्या शाळाखात्याच्या मुख्यालयाकडून मुख्याध्यापक निवडायचा अधिकार काढून शाळेशाळेच्या समितीला दिला. १९८९च्या ऑक्टोबरात पहिली निवडणूक झाली तेव्हा सुमारे तीन लाख लोकांनी मतं दिली.

"मुख्याध्यापक गप्प बसले?"

"कसले बसतायत! आधी त्यांची नोकरी कायम असायची, ती गेली. कोर्टात गेले. १९९०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नोकरी कायम ठेवायलाच हवी असं काही नाही. पण मतदानाची पद्धत मात्र रद्द केली, कारण पालकांच्या मताला शेजाऱ्यांच्या मतापेक्षा जास्त वजन होतं. मग कायदा बदलला. आता पालक असो की नुसता रहिवासी, प्रत्येकाला पाच मतं."

"म्हणजे अर्धं जिंकले, अर्धं हरले." माईंनी निकाल दिला. कोर्टाच्या गोष्टी त्यांना आवडतात.

मला यातली सर्वांत गोड गोष्ट वेगळीच वाटते. या निवडणुकीत नागरिकत्व विचारत नाहीत. मी इतकी वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत. राष्ट्राध्यक्ष सोडा, नगरसेवकाच्या निवडणुकीतही मला बोट लावता येत नाही. पण माझ्या लेकीच्या शाळेचा मुख्याध्यापक निवडणाऱ्यांना मी मत दिलंय, गेल्या एप्रिलात, शाळेच्या जिममध्ये. आपल्या टायरवाल्यालाच दिलं.

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीचे आलेच नाहीत." हे मात्र खरं दुखणं. तीन लाखांचा तो जोर फार टिकला नाही. आता कितीतरी शाळांत जागा जास्त नि उमेदवार कमी. चार माणसं ठरवतात आणि बाकीचे नंतर गेटवर उभे राहून नावं ठेवतात. मीही ठेवते.

"सगळ्या अमेरिकेत असंच?"

"छे. नेपरव्हिलला माझी मैत्रीण राहते ना, तिथं जिल्ह्याचा अधीक्षक मुलाखती घेऊन नाव सुचवतो आणि निवडून आलेलं शाळामंडळ हात वर करतं. पालकांना विचारतात, फॉर्मबिर्म भरून घेतात, पण कागद शेवटी अधीक्षकाच्या टेबलावर. माझी नणंद क्वीन्सला आहे. तिथं न्यूयॉर्कच्या समितीत पालक बसतात, उमेदवारांशी बोलतात, शिफारस करतात. निवड अधीक्षकाचीच."

"साखरपुड्याला बोलावतात, लग्न ठरवताना नाही."

हे माईंचं वाक्य मी नणंदेला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं.

शिकागोतही सगळ्या शाळा आमच्यासारख्या नाहीत. खासगी संस्था चालवतात त्या चार्टर शाळांवर ही समिती नसते. काही शाळांत समिती नुसती सल्ल्यापुरती. १९९५मध्ये शहराचं शिक्षणमंडळ पूर्णपणे महापौरांच्या मुठीत गेलं, तरी या समित्या वाचल्या, हेच नवल. आता २०२५पासून एकवीस जणांचं मंडळ आलंय, त्यातले दहा निवडून आलेले. २०२७मध्ये सगळेच निवडून आलेले असतील. एवढ्या उलथापालथीत टायरवाल्याची खुर्ची तेवढी हलली नाही.

"पण मला सांग, उद्या त्यानं आपल्या मेव्हण्याला बसवलं तर?"

"मेव्हण्याकडे राज्याचा मुख्याध्यापकाचा परवाना हवा, शिवाय मुख्यालयाच्या पात्र यादीत नाव हवं. यादीबाहेरचा चालत नाही."

"म्हणजे यादी इथंही आहे."

"आहे. पण यादीतून कोण, ते आपण ठरवतो."

माईंना ते पटलं नाही. त्यांच्या मते माणूस शाळेत मुरलेला हवा. पण गावाकडं काय चालतं ते त्यांनाच आठवलं: जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक पद मुळात मिळायचं की नाही, हे पटसंख्या ठरवते. पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेच्या वर मुलं असतील तर पद. पद नसेल तर एखादा शिक्षक प्रभारी म्हणून घंटाही वाजवतो, खिचडीचा हिशोबही लिहितो आणि वर्गही घेतो. "त्यापेक्षा तुमचा टायरवाला बरा," त्या पुटपुटल्या, म्हणजे थोडंफार पटलं होतं.

मग खरी गंमत सुरू झाली. उपमुख्याध्यापिकेला खुर्ची हवी आहे, हे ब्लॉकमधल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. शिक्षक तिच्या बाजूचे. पालकांत दोन तट: तिसरीच्या आयांना ती नको, कारण तिनं बसथांब्याची जागा बदलली; सातवीच्यांना हवी, कारण ती मारामारी मिटवते. बाहेरचा एक उमेदवार आहे, दक्षिण भागातल्या शाळेतून येणारा, फार गोड बोलतो म्हणे. माईंनी ओठ आवळले. गोड बोलणाऱ्या मुख्याध्यापकांचा त्यांना अनुभव असावा.

"सात मतं नाही जुळली तर?"

"मग मुख्यालयाकडे तीन नावं पाठवायची नि त्यांनी त्यातलं एक उचलायचं. तोवर मुख्यालय कुणाला तरी तात्पुरतं बसवतं. आणि तात्पुरता माणूस एकदा बसला की..."

"उठत नाही," माईंनी पूर्ण केलं. "ते मला नको सांगूस. आमच्याकडे प्रभारी प्रभारीच निवृत्त झालेत."

येत्या गुरुवारी सभागृहात दोन्ही उमेदवार लोकांसमोर बोलणार आहेत. सभा खुली असते, कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा.

"व्हिसावाल्या म्हातारीलाही?"

"बसायला, विचारायला हो. मताचं नाही."

"मत कोण मागतंय. तू भाषांतर कर." माईंनी मेथी पदरात सावरली. "पहिला प्रश्न: शिक्षक रजेवर असला तर त्याच्या वर्गावर तुम्ही स्वतः उभ्या राहता की शिपायाला बसवता? दुसरा प्रश्न त्या गोड बोलणाऱ्याला. आधीची शाळा का सोडली? आणि उत्तर लांबलं की त्याला थांबव."