मिनिटाला साठ शब्द

पोराला वाचता येतं की नाही, हे आता घड्याळ ठरवतं. केंद्र सरकारनं 5 जुलै 2021 रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं आणि तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, असं लक्ष्य ठेवलं. लक्ष्य चांगलं आहे. अडचण एवढीच, की साठ मोजता येतात आणि अर्थ मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याला तक्त्यात रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते सरकार दरबारी नसतंच. त्यामुळं साठ शब्द गावोगाव सुखरूप पोचले आणि ‘अर्थासह’ हा शब्द वाटेत कुठंतरी, बहुधा तालुक्याच्या स्टँडवर, एसटीतून उतरून गेला. आता अकोले काय नि जामखेड काय, साहेब भेटीला येतात, मोबाइलमधलं घड्याळ लावतात, पोरगं श्वास न घेता वाचत सुटतं, साठ भरतात, लिंक भरली जाते आणि मूल निपुण होतं. धड्यातला कोल्हा शेवटी कुठं गेला, हे पोरालाही सांगता येत नाही आणि लिंकही विचारत नाही.

या लबाडीला आपली लिपीही नकळत साथ देते. देवनागरीत बहुतेक ठिकाणी जसं लिहिलं तसं म्हणायचं असतं. बाराखडी आणि जोडाक्षरं हाताशी आली, की मूल ‘अधिसूचना’ हा शब्द बिनचूक म्हणतं आणि ‘अधिसूचना’ ही खाण्याची वस्तू आहे की अंगावर घालायची, याची त्याला गंधवार्ताही नसते. इंग्रजीत न कळलेल्या शब्दावर जीभ अडखळते आणि चोरी कधीमधी पकडली जाते. मराठीत न कळलेला मजकूरही खणखणीत वाचता येतो. पालक खूश, गुरुजी खूश, साहेब खूश. मोठेपणी हेच मूल पीकविम्याचा अर्ज याच खणखणीत आवाजात वाचतं, सही करतं आणि भरपाई का मिळाली नाही, हे विचारायला तालुक्याला खेटे घालतं.

यावर कुणी म्हणेल, की वाचनाचा कस लावणारी ‘असर’ची पाहणी आहे ना! आहे, आणि ती प्रामाणिकपणे केली जाते. 2005 पासून स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांसमोर अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट ठेवतात. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीची ती गोष्ट धड वाचता आली नाही. अहवाल आला की दोन दिवस सगळ्यांना धक्का बसतो, तिसऱ्या दिवशी तो ओसरतो. पण त्या अहवालातली खरी गोम वेगळी आहे. तिथं मूल गोष्ट सरळ वाचतं का, हे पाहिलं जातं. गोष्ट त्याला समजली का, हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्नच नाही. म्हणजे ज्या आकड्यावर आपण कपाळाला हात लावतो, तो नुसत्या तोंडाचा आकडा आहे. डोक्याचा आकडा मागितला तर दुसरा हातही कपाळाला लावावा लागेल. आंतरराष्ट्रीय पातळीवर तो एकदा मागून झाला. 2009 च्या ‘पिसा’ परीक्षेच्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले, यादीत तळाशी आले, आणि त्यावर देशानं अत्यंत समंजस उपाय केला: पुढच्या फेऱ्यांना बसणं सोडून दिलं.

आकलन आपण शिकवत नाही, असं म्हटलं की शिक्षण खात्याला राग येतो. प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय आहे, मग तो काय आहे? तो परीक्षा आहे. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘जोड्या लावा’, ‘कोण कोणास म्हणाले’ या सगळ्यांतून मुलाला समजलं का, हे फार तर तपासलं जातं. न समजणाऱ्यानं समजून कसं घ्यायचं, हे कुणीच सांगत नाही. आणि तपासणीही अशी, की न समजताच पास होता यावं. अहिल्यादेवींचंच पाहा. ज्यांच्या नावानं 2024 मध्ये आपल्या नगर जिल्ह्याचं नाव बदललं, त्यांच्यावरच्या धड्याखाली प्रश्न ठरलेला: ‘अहिल्यादेवींचा जन्म कोठे झाला?’ मूल प्रश्नातले दोन शब्द धरून धड्यात तेच दोन शब्द शोधतं, पुढचा शब्द उचलतं आणि वहीत लिहितं: चौंडी. पूर्ण गुण. त्याऐवजी कुणी विचारलं, की माळव्यावर राज्य करणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या राज्याबाहेर, काशीला, देऊळ आणि घाट बांधायला पैसा का खर्च केला असेल, तर वर्ग गप्प होतो. कारण ते उत्तर एका ओळीत सापडत नाही. चार ओळी जोडून, थोडं स्वतःचं घालून ते तयार करावं लागतं. त्या तयार करण्यालाच आकलन म्हणतात. पण तयार केलेली उत्तरं चाळीस पोरांची चाळीस निघतात आणि तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरपत्रिकेत एकच असतं.

हे दुखणं फक्त आपलं आहे, असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. अमेरिकेचा दाखला दिल्याशिवाय आपल्याकडं कुणाला पटत नाही, म्हणून देतो. इलिनॉय विद्यापीठातल्या डोलोरेस डर्किन यांनी 1978-79 च्या आपल्या अभ्यासात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची जवळपास साडेचार हजार मिनिटं न्याहाळली. त्यांत वाचलेलं समजून कसं घ्यावं, हे शिकवण्यात गेलेली मिनिटं भरली वीस. बाकी वेळ प्रश्न विचारणं, कागद वाटणं आणि उत्तरं तपासणं. फरक इतकाच, की त्यानंतर तिथल्या संशोधकांनी उपाय शोधले. पॅलिंक्सार आणि ब्राउन या दोघींनी 1984 मध्ये एक पद्धत मांडली: मुलांचा छोटा गट थोडा मजकूर वाचतो, मग त्यांतलंच एक मूल शिक्षक होऊन प्रश्न विचारतं, अवघड शब्दाचा उलगडा करतं, वाचलेलं थोडक्यात सांगतं आणि पुढं काय येईल याचा अंदाज बांधतं. चांगलं वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे गुपचूप चालतं, ते मोठ्यानं करून दाखवायचं. याला ना टॅब लागतो, ना स्मार्ट बोर्ड. खरेदीची निविदा निघण्याजोगं त्यात काहीच नाही, हाच त्या पद्धतीचा मोठा दोष असावा.

दुसरा शोध तर साखरपट्ट्यानं फ्रेम करून लावावा असा आहे. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढं गेली. म्हणजे आकलन हे निम्मं मजकुरात असतं आणि निम्मं वाचणाऱ्याजवळ आधीच असतं. पाथर्डी-शेवगावकडचं ऊसतोड कामगाराचं लेकरू दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातं. फड, मोळी, कोयता, टोळी, मुकादम, उचल, काट्यावरची गाड्यांची रांग हे सगळं त्याला पाठ असतं. हंगाम संपवून ते शाळेत परततं, तेव्हा त्याच्यापुढं मेट्रो रेल्वेचा उतारा येतो आणि त्याची नोंद ‘अप्रगत’ अशी होते. ऊसतोडीचा उतारा देऊन शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या हुशार मुलाला ‘उचल फिटली नाही’ याचा अर्थ विचारला, तर अप्रगत कोण ठरेल? शेतकऱ्यांच्या मालकीचा महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी 1950 मध्ये उभा करणाऱ्या जिल्ह्यात उसाबद्दलची ही जाण वर्गात कच्चा माल म्हणूनही घेतली जात नाही. मेट्रोचा उतारा काढून टाका, असं इथं म्हणणं नाही. तो वाचण्याआधी दहा मिनिटं मेट्रोबद्दल बोला आणि पोराच्या एसटीपासून तिथवर वाट करून द्या, इतकंच.

आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: आधी वाचता तर येऊ द्या, अर्थ नंतर पाहू. पण गफ आणि टन्मर यांनी 1986 मध्येच मांडलं, की अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं यांचा आकलनात गुणाकार होतो, बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही फुगवली तरी हाती शून्यच येतं. शिवाय भाषा समजायला अक्षरओळखीची वाट पाहावी लागत नाही. पहिलीच्या पोराला गोष्ट वाचून दाखवून ‘तो असं का वागला?’ हे पहिल्याच दिवशी विचारता येतं. दुसरा आक्षेप गुरुजींचा: वेळ कुठाय? हा सर्वांत खरा आहे. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, यू-डायस, आधार, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो आणि लिंका यांतून उरलेल्या वेळात शिकवायचं असतं. पण याच गुरुजींनी घड्याळ लावून साठ शब्द करून दाखवले. म्हणजे वरून जे मागितलं जातं ते खाली होतं. दोष मागणीचा आहे. तिसरा आक्षेप संस्कृतीचा: पाठांतर ही आपली परंपरा. जरूर आहे. पण याच जिल्ह्यात, नेवाशात, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेच्या सातशे श्लोकांचा अर्थ लोकांच्या भाषेत उलगडायला ज्ञानेश्वरांनी नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या. एका श्लोकामागं सरासरी बारा-तेरा. आजच्या निकषानं हा वेग फारच मंद. साहेबांनी शेरा मारला असता, ‘अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करण्याची दक्षता घ्यावी’. आपल्या परंपरेत पाठांतर आहे, तसं निरूपणही आहे. आपण सोपं तेवढं उचललं.

खरं तर पोरांना नावं ठेवण्याआधी थोरांची चाचणी घ्यायला हवी. शासन निर्णयाचं पहिलं वाक्य सात ओळींचं असतं आणि क्रियापद आठव्या ओळीत भेटतं. शिक्षण परिषदेत ते मोठ्यानं वाचलं जातं, सगळे माना डोलावतात आणि संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो: ‘नेमकं करायचं काय?’ उत्तर येतं: ‘फोटो टाकायचे.’ याच रीतीनं 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन 2015 पासून साजरा होतो, आणि पुस्तक हातात धरलेल्या पोरांचे फोटो वर्षानुवर्षं वर जातात; पुस्तकात काय होतं, ते वर जात नाही. 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्यानंतर कोरी पानं घातली, मुलांनी आपल्या नोंदी कराव्यात म्हणून. नोंद कशी करायची, म्हणजे वाचलेल्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे शिकवणं मात्र कुणाच्या योजनेत नव्हतं. 2025 मध्ये ती पानं रद्द झाली. शासनाच्या सगळ्या वाचन उपक्रमांत कळायला सर्वांत सोपी ती कोरी पानंच होती.

समजून वाचणारं मूल गैरसोयीचं असतं, हेही मान्य करायला हवं. ते ‘पण का?’ विचारतं. आज धड्यातल्या राजाला विचारेल, उद्या रेशन दुकानाच्या फलकाला, परवा सोसायटीच्या अहवालाला आणि एक दिवस जाहीरनाम्याला. ज्यांना ही गैरसोय नको असेल, त्यांनी आहे ते चालू ठेवावं. ते उत्तम चाललं आहे. बाकीच्यांसाठी मागणी लहानशी आहे. पुढच्या शाळाभेटीत साहेबांनी मोबाइल खिशात ठेवावा, पोराला एक पान हव्या त्या वेगानं वाचू द्यावं, मग ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं नाही असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. त्यासाठी निधी लागत नाही, लिंक लागत नाही. आणि कृपा करून त्याचा शासन निर्णय काढू नये.