कडुलिंबाचा ताजा शोध

नवं उत्पादन काढायचं तर प्रयोगशाळेपेक्षा दुसऱ्याचं शेत बरं. तिथलं संशोधन पिढ्यान्‌पिढ्या आधीच उरकलेलं असतं आणि संशोधक पगारही मागत नाहीत. डब्ल्यू. आर. ग्रेस या अमेरिकी कंपनीने तिथल्या कृषी खात्याला जोडीला घेतलं आणि कडुलिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी आटोक्यात येते, असा ‘शोध’ लावला. १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने त्यावर मोहोरही उठवली. दर पाडव्याला तोंड वाकडं करून कडुलिंब चावणारे आपण. आपल्याला मेलं सुचलंच नाही!

पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि सहकाऱ्यांनी हरकत घेतली. २००० साली पेटंट रद्द झालं, २००५ साली कंपनीचं अपीलही फेटाळलं गेलं. शेतकऱ्यांना जे ठाऊक होतं ते त्यांना ठाऊक होतं, एवढं सिद्ध व्हायला अकरा वर्षं गेली. कंपनीला तरी नावं कशाला ठेवायची? माहीत असणं आणि कागदावर असणं यांतल्या फटीतच तर धंदा उगवतो. आपणही दारातल्या निंबोळ्या झाडून कचऱ्यात टाकतो आणि निंबोळी तेलाची बाटली ऑनलाइन मागवतो. वर रेटिंग देतो: पाच तारे.