कोलोनची सुप्रमा

नाना म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. खातं सोडून बरीच वर्षं झाली, पण खात्याने नानांना अजून सोडलेलं नाही. घरातला नळ गळायला लागला की ते 'विसर्ग किती?' असं विचारतात आणि जेवताना आमटीचं भांडं हवं असलं की 'जरा डाव्या कालव्याला सोडा' म्हणतात. अशा माणसाला घेऊन आम्ही जर्मनीत गेलो. त्यांची मुलगी ड्युसेलडॉर्फला असते हे एक कारण. दुसरं असं, की नानांना डोळे मिटण्यापूर्वी एकदा तरी वेळेत पूर्ण झालेलं बांधकाम बघायचं होतं.

"कोलोनला कशाला जाताय, आतोबा?" भाचीने नाक मुरडलं. दोन्ही शहरं ऱ्हाइनच्याच काठची, मध्ये जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि वैर थेट तेराव्या शतकातलं. १२८८ साली वोरिंगनच्या लढाईत कोलोनचा आर्चबिशप हरला, म्हणून ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा मिळाला. मजा म्हणजे त्या लढाईत कोलोनचे नागरिक आपल्याच आर्चबिशपच्या विरुद्ध लढले होते. म्हणजे दोन्ही गावं एकाच बाजूला होती, आणि तरीही भांडण आहे. हल्ली ते बिअरवर येऊन थांबलंय. ड्युसेलडॉर्फची काळपट, कोलोनची फिकट. "तिथली बिअर पिऊ नका, ते पाणी असतं," असं भाचीने बजावलं. जर्मनीत येऊन तिला चारच वर्षं झाली असतील, पण स्थानिक द्वेष माणूस व्हिसाच्या आधी शिकतो.

फलाटावर गाडी उशिरा असल्याचं झळकलं. नानांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांच्या श्रद्धेला पहिला तडा तिथे गेला.

गाडी होहेनझोलर्न पुलावरून ऱ्हाइन ओलांडते. १९४५च्या मार्चमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल स्वतःच उडवला होता, मग पुन्हा उभारला. आता त्याच्या जाळीवर प्रेमिकांनी असंख्य कुलपं अडकवून किल्ल्या नदीत टाकल्यात. "डेड लोडमध्ये धरलाय का हा ऐवज?" असं नाना पुटपुटले. डब्यातल्या कोणालाच उत्तर माहीत नव्हतं.

स्टेशनाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर डोम, म्हणजे इथलं कॅथीड्रलच उभं. 'जरा दुरून दिसेल, मग जवळ जाऊ' वगैरे भानगड नाही. १५७ मीटर उंचीचे दोन काळपट मनोरे एकदम अंगावर येतात आणि मान मागे टाकता टाकता टोपी पडते. सौ.ने हात जोडले. नानांनी विचारलं, "काम सुरू कधी?"

"१२४८."

"पूर्णत्वाचा दाखला?"

"१८८०."

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर पेन्शन मंजूर झाल्यासारखं समाधान पसरलं. "सहाशे बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "किती वेळा सुप्रमा घेतली असेल हो यांनी!" ज्यांचा सरकारी बांधकामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. खर्च वाढला, मुदत गेली, की ती घ्यायची. नानांच्या कारकिर्दीतली निम्मी वर्षं ती घेण्यात गेली.

मुळात हे देऊळ बांधायला घेतलं ते बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन राजांच्या अस्थींसाठी. ११६४ साली इथल्या आर्चबिशपने त्या मिलानहून उचलून आणल्या. अस्थी आल्या म्हटल्यावर यात्रेकरू आले, यात्रेकरू आले म्हटल्यावर जुनी जागा अपुरी पडली. सोळाव्या शतकात पैसे आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम बंद पडलं. दक्षिण मनोरा अर्धवट, त्याच्या माथ्यावर दगड चढवायची लाकडी यारी तशीच. ती यारी तिथे शतकानुशतकं उभी राहिली. जुन्या चित्रांत कोलोन ओळखायचं ते त्या यारीवरून. गावात पिढ्या जन्मल्या, लग्नं झाली, माणसं गेली, यारी हलली नाही. शेवटी १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेही जुन्याच नकाशावरून. नकाशा मधल्या काळात गहाळ झाला होता. त्याचा अर्धा भाग डार्मश्टाटला एका माळ्यावर मिळाला, उरलेला अर्धा पॅरिसमध्ये. माळ्यावरच्या भागावर शेंगा वाळत घालत असत म्हणे.

"आमच्याकडे फाइल सापडली तर तिच्यावर चहाचे डाग तरी असतात," नाना म्हणाले. "शेंगा म्हणजे फारच."

खरा कळस पुढे होता. मूळच्या वास्तुविशारदाची, गेऱ्हार्डची, एक दंतकथा आहे. त्याने सैतानाशी पैज लावली. सैतान म्हणाला, तुझं देऊळ उभं राहायच्या आत मी ट्रियरपासून कोलोनपर्यंत पाण्याचा पाट आणून दाखवतो. देऊळ रखडलं, आणि एके दिवशी पाटातून पाणी आलं, पाण्याबरोबर बदकंही आली. ते बघून गेऱ्हार्डने परांचीवरून उडी टाकली.

नानांनी गोष्ट नीट ऐकली. "कालवा मुदतीत पूर्ण झाला?"

"झाला."

"मग तो सैतानाचाच. माणसाचं काम नव्हे ते."

पाट खरोखर होता, आणि तो सैतानाने नव्हे तर रोमन लोकांनी आणला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात आयफेलच्या डोंगरातून सुमारे ९५ किलोमीटर, निव्वळ उतारावर, पंपाशिवाय. मध्ययुगात तो कोणी बांधला हे लोक विसरले आणि श्रेय सैतानाला गेलं. हे ऐकून नाना हळहळले. इंजिनियरचं नाव फाइलवर राहत नाही, हा त्यांचा जुना सल आहे.

डोमला आजही कुठे ना कुठे परांची बांधलेली असतेच. एका टोकाची डागडुजी संपेपर्यंत दुसऱ्या टोकाचा दगड झिजतो. हे काम ज्या दिवशी संपेल त्या दिवशी जगबुडी होईल, असं गावात म्हणतात. नानांना हे कारण फार आवडलं. "उत्तम. आम्ही उगीच भूसंपादन सांगत बसलो."

दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पाहणी खालूनही करता येते, या खात्याच्या परंपरेला जागून नाना खाली बाकावर बसले. सौ. आणि मी चढलो. वाटेत 'जाडा पिटर' लागतो. १९२३ साली ओतलेली २४ टनांची घंटा. २०११च्या जानेवारीत, ऐन तीन राजांच्या सणाला, तिचा लोलक तुटून खाली पडला होता. हे मी सौ.ला घंटेच्या जवळच सांगितलं. त्यानंतरच्या पायऱ्या ती माझ्या पुढे धावत चढली.

खाली उतरलो तेव्हा माझं डोकं गरगरत होतं. सौ. म्हणाली, "चला, कोलनवॉटर इथलंच ना?" आमच्या पिढीला कोलोन माहीत झालं ते तापामुळे. ताप चढला की आजी हातरुमालाची घडी कोलनवॉटरमध्ये बुडवून कपाळावर ठेवायची, आणि खोलीला लिंबासंत्र्याचा वास यायचा. त्याचा पहिला कारखानदार फारिना. मूळचा इटालियन, १७०९ पासूनची पेढी. पुढे ग्लोकनगासे गल्लीत दुसरं घराणं उभं राहिलं. फ्रेंचांनी गाव घेतल्यावर घरांना ओळीने आकडे दिले, त्यात त्या घराला मिळाला ४७११. तोच बाटलीवर चढला. सुरुवातीला हे पाणी पोटातही घेत. १८१० साली नेपोलियनने हुकूम काढला, की औषधं विकणाऱ्यांनी त्यांची कृती उघड करावी. तेव्हा कोलोनकरांनी हे औषध नव्हेच, नुसता सुगंध आहे, असं जाहीर करून कृती वाचवली. ते परिपत्रक आमच्या आजीपर्यंत पोचलं नाही.

४७११च्या दुकानात कोलनवॉटरचं कारंजं आहे. बोटं ओली करून हुंगण्यासाठी. सौ.ने पर्समधून स्वच्छ हातरुमाल काढला, चौपदरी घडी घातली, कारंज्याखाली धरली, पिळली, मला खुर्चीत बसवलं आणि कपाळावर ठेवली. विक्रेती बाई घाईघाईने आली. सौ.ने शांतपणे "फीवर" म्हटलं आणि घडी उलटी केली. बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा कारंज्याकडे पाहिलं आणि कुठूनसं थंड पाण्याचा ग्लास आणून दिला. डोकं पाच मिनिटांत उतरलं. कारंजं कशासाठी आहे, हे त्या दुकानात आमच्याआधी कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

नाना बाहेर उभे होते, कारण समोर ऑपेरागृह आहे. त्याची दुरुस्ती २०१२ साली काढली. २०१५च्या नोव्हेंबरात पडदा वर जायचा होता. त्या नोव्हेंबरात गेला नाही, पुढच्या कित्येक नोव्हेंबरांतही गेला नाही. नानांना आता हे शहर सासुरवाडी नव्हे, माहेर वाटायला लागलं होतं.

जुन्या गावाच्या काठावर, ऱ्हाइनला लागून, एक मनोरा आहे. त्यावर घड्याळासारखी तबकडी. पर्यटक तिच्याकडे बघून आपलं घड्याळ तपासतात आणि गोंधळून पुढे जातात. नाना मात्र जागीच खिळले. ते घड्याळ नव्हे, नदीची पातळी आहे. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा काटा डेसिमीटर. डोमपुढे न झुकलेली मान इथे झुकली. पाणी ८.३० मीटरवर गेलं की जहाजं थांबवतात. १९९५च्या जानेवारीत पातळी १०.६९ मीटर होती, २०१८च्या ऑक्टोबरात दुष्काळात ०.६९. नानांनी हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि संशयाने बघितले. "कारकुनाने मागचं पान बघून लिहिलंय."

पलीकडचा डॉइट्झचा काठ कोलोनकर कमी प्रतीचा मानतात. कोलोनची सगळी सुंदर छायाचित्रं मात्र तिथूनच काढलेली असतात. आम्ही पूल चालत ओलांडून गेलो, फोटो काढले आणि परत आलो.

संध्याकाळी एका बिअरघरात शिरलो. इथल्या वाढप्याला क्योबेस म्हणतात. निळा अंगरखा, निळा अ‍ॅप्रन, आणि तोंड फटकळ असणं हे नोकरीच्या अटींतच असावं. सौ.ने पाणी मागितलं. "साबण आणि टॉवेलही आणू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर आलं. सौ. सदाशिव पेठेतली. तिचा चेहरा उजळला. "आणा, नि आधी तुमचे हात धुवा," असं तिने मराठीत सांगितलं आणि दोघं अर्थ न कळता एकमेकांवर खूश झाले.

क्योल्श बिअर दोनशे मिलिलिटरच्या उभट ग्लासात येते. नानांनी तो उजेडात धरला. "हा नमुना झाला. माल कुठाय?" माल मागावा लागत नाही. ग्लास रिकामा दिसला की क्योबेस न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. थांबवायचं तर तो पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. हे आम्हांला शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सांगितलं, पण तोवर नानांचा पुठ्ठा भरत आला होता.

"मागणी अर्ज नसताना हा आवर्तन सोडतो कसा?" नाना म्हणाले, पण आवर्तन वाया जाऊ दिलं नाही.

शेवटी त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, रेघा मोजल्या, टेबलावरच्या ग्लासांच्या ओल्या वर्तुळांशी ताडून पाहिल्या, आणि खिशातलं पेन काढून कडेला लिहिलं: 'मोजमाप तपासले. एक रेघ जादा आढळली.' खाली लांबलचक सही, तारखेसह. क्योबेसने पुठ्ठा उचलला, नानांच्या बोटाखालची रेघ पाहिली, थुंकी लावलेल्या अंगठ्याने ती पुसली. मग हातातल्या गोल तबकातून एक भरलेला ग्लास काढून नानांपुढे आपटला आणि पुसलेल्या जागीच नवी रेघ ओढली.

"जमलं," नाना म्हणाले, "आता हिशेब जुळला."