बसून ठरलेलं चालणं

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना आवर घालायला जगभरची सरकारं २०११ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत बसली. मग २०१४, २०१८ आणि २०२५ मध्ये पुन्हा बसली. माणसं बसून बसून आजारी पडतात, यावर बहुतेकांचं बसल्या बसल्या एकमत झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०१८ मध्ये उद्दिष्टच दिलं: २०३० पर्यंत लोकांची निष्क्रियता १५ टक्क्यांनी घटवा.

पुण्याच्या स्वारगेटनं हे भलतंच मनावर घेतलेलं दिसतं. जीव मुठीत धरून जेधे चौक पायी ओलांडला की हृदयाचा व्यायाम आपोआप होतो. पीएमपीची बस थांबा सोडून पुढं थांबते, त्यात धावणं आलं. फूटपाथवर लावलेल्या दुचाक्यांमुळे कंबर लवचीक राहते. आहाराचं तेवढं बाकी आहे. तेल-साखरेचे फलक लावा, असं केंद्रानं २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांना कळवलं. वडापावच्या कढईपर्यंत ते पत्र अजून पोचायचंय.

देशोदेशीच्या प्रतिनिधींना एकच विनंती, पुढची बैठक संध्याकाळी सहाच्या गर्दीत स्वारगेटलाच घ्या. बसायला जागा मिळणार नाही, त्यामुळे निर्णय लवकर होतील.