टॉवर पडलाय, ओव्हर

मोबाइलची रेंज गेली की सोलापूरच्या भवानी पेठेतली माणसं चिडतात. आमचे अण्णा खुलतात. त्यात वीजही गेली असेल तर विचारूच नका. कमरेचा हँडसेट काढून ते गच्चीवर जातात आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात पेठेबाहेरच्या एकाच माणसाला विचारतात, "माझा सिग्नल कसा येतोय?" तिकडून उत्तर येतं, "फाइव्ह नाइन." अण्णा म्हणतात, "तुमचाही फाइव्ह नाइन. सेव्हन्टी थ्री." म्हणजे आवाज खणखणीत, आणि नमस्कार. संपलं संभाषण. एवढ्यासाठी सरकारी परीक्षा दिली का हो, असं नवा माणूस विचारतो. जुने विचारत नाहीत, कारण उत्तराला पाऊण तास लागतो.

अण्णा म्हणजे कुणी एकच गृहस्थ समजू नका. हॅम रेडिओवाले, म्हणजे परवाना काढून हौसेनं बिनतारी बोलणारे, पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे असेच आहेत. आमच्या अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारी दिवसभर भरायच्या आणि उरलेली तांब्याची तार संध्याकाळी गच्चीवर न्यायची. सात मेगाहर्ट्झवर बोलायचं तर साधारण २० मीटर लांब तार लागते, आणि भवानी पेठेत २० मीटर लांब गच्ची कुणाच्या बापाची नाही. म्हणून तार अण्णांच्या जिन्यावरून निघते आणि शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला संपते. शेजाऱ्याची परवानगी म्हणजे त्याच्या बोअरच्या मोटारीची आजन्म फुकट दुरुस्ती. वहिनींना मात्र एवढी लांबलचक तार रिकामी लोंबकळलेली बघवत नाही. एकदा तिच्यावर चार टॉवेल आणि एक सोलापुरी चादर वाळत पडली. अण्णांचं यंत्र कुरकुरलं आणि खाली जे झालं ते कुठल्याच बँडवर सांगण्यासारखं नाही.

पूर्वी मागांच्या मोटारींचा खरखराट त्यांच्या रेडिओत शिरायचा. या मंडळींच्या बोलीत त्याला क्यूआरएम म्हणतात. आता पेठेतले बरेच माग थांबले आणि बँड स्वच्छ ऐकू येतो. पण बँड स्वच्छ झाला तसं दुकानात गिऱ्हाईक कमी झालं, त्यामुळे या शांततेचं कौतुक अण्णा कुणापाशी करत नाहीत.

या जमातीतही थोरले-धाकटे आहेत. परवाना देते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी शाखा. धाकट्या परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम येतात, आणि नावापुढे 'व्हीयू थ्री' लागतं. थोरलीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं टिंब-रेघांचं मोर्स यावं लागतं, मग 'व्हीयू टू'. अण्णा व्हीयू टू आहेत. राजीव गांधीही होते, व्हीयू टू आरजी. ही माहिती अण्णा समोरच्याचा पक्ष न बघता देतात.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची, म्हणजे हल्ला झाला तर काय करायचं याची, रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांची यादी आली आणि तीत सोलापूर नव्हतं! "सिन्नर आहे, मनमाड आहे, आन् आपण नाही?" अण्णांना घास गोड लागेना. आपल्यावर कुणी बॉम्ब टाकणार नाही, याचं इतकं वाईट वाटलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

म्हणूनच पेठेच्या वाट्याला साधी भूकंपाची तालीम आली तरी अण्णांच्या घरी लग्नघर होतं. कागदावर असं असतं: सकाळी ११ वाजता भूकंप, जुन्या कारखान्याची भिंत कोसळली, वीज आणि मोबाइल बंद. अण्णा सातलाच शाळेच्या मैदानावर हजर. अंगात नारिंगी जाकीट, टेबलावर १२ व्होल्टची बॅटरी, लॉगबुक आणि दोन पेनं, कारण आपत्तीत पहिलं बंद पडतं ते पेन. नियंत्रण कक्षात एक थोरले व्हीयू टू, दवाखान्याशी एक कॉलेजचा पोरगा. टॉवर लागत नाही, वायर लागत नाही, या सेटवरून त्या सेटवर थेट बोलणं.

अकराला भूकंप होतो. अण्णा पहिला निरोप देतात आणि नियमाप्रमाणे जागेचं नाव एकेक अक्षर फोडून सांगतात, "ब्राव्हो, हॉटेल, अल्फा, व्हिक्टर..." भवानी, एवढंच. पण कुंपणाला टेकलेल्या गर्दीच्या कानात बरोब्बर एकच शब्द शिरतो. "कुटलं हाटेल पडलं बे?" दहा मिनिटांत ही बातमी साखर पेठेपर्यंत जाते आणि परत येते तेव्हा हॉटेल तीन मजली झालेलं असतं, आत वऱ्हाड असतं. एक गृहस्थ मैदानावर येऊन खुद्द अण्णांनाच ती सांगतात. अण्णा शांतपणे विचारतात, "कुणी पाठवला निरोप? वेळ काय? शब्द किती?" गृहस्थ निघून जातात.

जखमी म्हणून शाळेतली पोरं असतात. लाल रंग लावलेली, मजेत. कुणाच्या गळ्यात लाल कार्ड, कुणाच्या पिवळं, कुणाच्या हिरवं, आणि एकाच्या काळं. काळं म्हणजे मयत. मयताची आजी समोरच्या बोळात राहते. तेलुगूत सुरुवात करून ती मराठीवर येते, "श्रावण सोमवारी माज्या नातवाला मेला म्हन्ता? दुसरं कुनी घ्या!" डॉक्टर हतबल होतात आणि कार्ड बदलतात. अण्णा चेहऱ्यावरची रेषही न हलवता निरोप लिहितात आणि वाचतात, "काळं कार्ड एक, नातेवाइकांच्या हरकतीमुळे पिवळं. ओव्हर." पलीकडून तोच निरोप शब्द न् शब्द परत येतो. पाठोपाठ दुसरा जातो, "जखमी क्रमांक चार चहाला गेला आहे, परतण्याची वेळ अनिश्चित." तोही परत वाचला जातो. इकडे वहिनी मैदानाच्या कडेला उभ्या राहून म्हणतात, "परक्याचं बोलणं अक्षर न् अक्षर परत म्हणून दाखवतात. मी कोथिंबीर सांगितली तर मेथी आणतात."

मग अण्णांचा मोबाइल वाजतो. तालमीचे साहेब. अण्णा बघतात आणि उचलत नाहीत. पुन्हा वाजतो, उचलत नाहीत. शेवटी साहेबांचा माणूस धावत येतो, "साहेब फोन करायलेत, उचला की!" अण्णा लॉगबुकात बोट ठेवून म्हणतात, "टॉवर अकरा वाजता पडलाय. साहेबांचा फोन लागला कसा?"

हसायला येतं, पण या हट्टामागे किल्लारीचा भूकंप आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, सोलापूरचीही घरं हादरली. मग जखमी येऊ लागले, आणि कुठलं गाव उरलं, कुठलं गेलं, याच्या दहा तऱ्हा कानावर पडू लागल्या. अण्णा तेव्हा मिसरूड फुटलेले. रेडिओ घेऊन भूकंपभागात गेलेल्या हॅम लोकांबद्दल त्यांनी नंतर ऐकलं आणि मग या नादाला लागले. २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद नावाच्या हॅम योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. बेटांवरचे निरोप त्यांनी आपल्या रेडिओवरून मुख्य भूमीला पोचवले. हे सांगताना मात्र अण्णा आवाज चढवत नाहीत.

माझं मत विचाराल तर अण्णांची खरी करामत रेडिओत नाही. रेडिओ बाजारात मिळतो. कानावर आलं तेवढंच सांगायचं, जास्त नाही, कमी नाही, खाली वेळ टाकायची आणि समोरच्यानं परत म्हणेपर्यंत थांबायचं, ही सवय पेठेत दुसऱ्या कुणाला नाही. मला तर अजिबात नाही.

परीक्षेला बसायला १२ वर्षं पूर्ण लागतात, वरची मर्यादा नाही. घरात दिवसभर टेबलावर बोटं वाजवणारं पोरगं असेल तर अण्णांच्या दुकानी पाठवा. मोर्स संध्याकाळी शिकवतात, फी घेत नाहीत. जाताना कोथिंबिरीची जुडी द्या, घरी हवीच असते.